सुट्या छपरांचं शहर

लग्न होऊन बोईसरजवळ सरावलीच्या घरात आले तेव्हा माझ्याबरोबर कपड्यांच्या बॅगा होत्या आणि एक पत्र्याची पेटी होती. पेटीत सैन्य होतं. करंगळीच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई, प्रत्येकाच्या पायाखाली नाण्याएवढी चकती, थोडे रणगाडे, दोन तोफा, फासे आणि एक मोजपट्टी. पुण्यात डिप्लोमा करताना वसतिगृहातल्या एका मैत्रिणीमुळे मला हा नाद लागला होता. टेबलावर लढाई मांडायची, आळीपाळीने शिपाई सरकवायचे, किती सरकायचं ते मोजपट्टीने मोजायचं आणि नेम लागला की चुकला ते फाशांवर सोडायचं. बुद्धिबळासारखंच म्हणा, फक्त इथे पट आपणच तयार करायचा. टेकड्या, शेतं, ओढा, रस्ते, सगळं.

नवऱ्याला या पेटीचं कौतुक होतं. मित्र घरी आले की तो ती उघडून दाखवायचा. खेळायला मात्र कधी बसला नाही. बोईसरमध्ये हे खेळणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं, त्यामुळे रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून मी एकटीच खेळायचे.

घरात आम्ही तिघंच होतो. मी, नवरा आणि सासरे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे मूळचे घिवलीचे, मच्छीमाराच्या घरातले. तरुणपणी बोट सोडून ते तारापूरच्या एका कापड कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कमी बोलायचे. पहिले काही महिने आमच्यात "चहा ठेवू का बाबा?" आणि "ठेव" याच्यापलीकडे फारसं काही बोलणं झालं नाही.

एका रविवारी ते टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

"ह्या बाजूनं तूच आनि त्या बाजूनं पन तूच?"

"हो बाबा."

"मग हारतं कोन?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्या दिवशी मी गावातली लढाई मांडली होती. घरं नव्हती म्हणून त्यांच्याच बीपीच्या गोळ्यांची रिकामी खोकी उभी केली होती. त्यांनी एक खोकं उचललं.

"हे काय हाय?"

"घर."

ते खोक्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "ह्याला घर म्हनतात?" म्हणाले आणि खोकं होतं तिथे अगदी जपून परत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात टेबलावर एक खरं घर आलं. जाड पुठ्ठ्याच्या भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांचा दरवाजा, खिडक्यांना बारीक गज, वर सज्जा आणि गच्चीवर औषधाच्या बाटलीच्या बुचाची काळी पाण्याची टाकी. मी युरोपातल्या एका काल्पनिक शहरात लढत होते आणि हे घर थेट आमच्या गल्लीतलं होतं. त्यांना म्हटलं, "बाबा, तिकडे अशी घरं नसतात." ते म्हणाले, "मी तिकडं कुठं गेलोय? मला ठाव हाय तेच करनार."

घर सुंदर होतं आणि खेळाला निरुपयोगी होतं. दरवाजा शिपायाच्या मापाचा होता, पण पायाखालच्या चकतीसकट शिपाई त्यातून जात नव्हता. आणि छप्पर चिकटवलेलं होतं. मला ते सांगायला जिवावर आलं, तरी सांगितलं.

"छप्पर उचलता आलं पाहिजे बाबा."

"घराचं छप्पर कोन उचलतं?"

"मी. शिपाई आत ठेवायला."

ते रागावले. दोन-तीन दिवस संध्याकाळी फिरायला जाताना मला सांगूनही गेले नाहीत. मग एका सकाळी ओट्यावर तेच घर होतं. दरवाजा रुंद केलेला, आणि छपराला आतून चार बाजूंनी पट्ट्या लावलेल्या. उचललं की अलगद निघायचं, ठेवलं की बरोबर बसायचं, जरासुद्धा हलायचं नाही. मी चार-पाचदा काढून घातलं. ते शेजारी उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते. लग्नानंतर त्या घरात माझं म्हणावं असं काही झालं असेल, तर ते त्या सकाळी झालं.

तिथून शहर वाढत गेलं. माझी तेव्हा पालघरला कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात नकाशे काढायच्या कामावर कंत्राटी नेमणूक झाली होती. संध्याकाळी घरी आले की बाबा काहीतरी घेऊन वाट बघत असायचे. कौलारू घर, पत्र्याची शेड, चाळ, रेशन दुकान, शाळा. कौलांसाठी ते पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून काढायचे. भिंतीच्या रंगात बारीक रेती मिसळायचे. मी त्यांना खेळाच्या अडचणी सांगायचे. गल्ली नुसती गल्लीसारखी दिसून भागत नाही, तिच्यात माझा हात गेला पाहिजे. कोपऱ्यावरचं घर असं हवं की त्याच्या आड शिपाई लपेल आणि खिडकीतून दोन रस्ते दिसतील. सगळ्यात अवघड होतं ते माप समजावणं. शिपाई ज्या मापाचे त्या मापात शहर केलं तर ते सगळं घर भरून अंगणात जाईल. म्हणून टेबलावर एक घर ठेवायचं आणि ते दहा घरांच्या जागी आहे असं धरायचं.

"मग बाकीची नऊ घरं कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"ती आहेतच. फक्त दाखवायची नाहीत."

"त्यांतल्या मानसांना चालंल का पन?"

नवरा तेव्हा सोफ्यावर मोबाइल बघत पडला होता. तो म्हणाला, "अरे बाबा, खेळ आहे तो." आम्ही दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

हळूहळू ते खेळायलाही लागले, पण एका अटीवर. त्यांना नेहमी शहर राखणारी बाजू हवी असायची. चढाई त्यांनी कधी केली नाही. फासे तळहातात खूप वेळ खुळखुळवायचे आणि हरले की उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचे.

आमचं एकदाच भांडण झालं, ते पडक्या घरांवरून. शहरातल्या लढाईत तोफा चालतात, घरं पडतात, आणि पडलेल्या घराची जागा पडक्या घराने घ्यावी लागते. मी त्यांना अर्धवट भिंती आणि विटांचे ढीग करायला सांगितलं.

"मोडकं मी करनार नाय."

"बाबा, खेळात लागतं."

"तू कर. मला सांगू नको."

मी दोन-तीन मोडकी घरं केली. ती इतकी वाईट झाली की मीच टाकून दिली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला हाक मारली आणि चाळीजवळचं घर दाखवलं. म्हणाले, "उचल." मी छप्पर उचलायला गेले. "छप्पर नाय, अख्खं उचल." भिंतींसकट घर वर आलं आणि त्याच्या आत दुसरं होतं. अर्धी भिंत, वाकलेली सळई, भुग्याचा ढीग, एका कोपऱ्यात शाबूत राहिलेला जिना. वरचं घर त्याच्यावर खोळीसारखं बसत होतं.

"पडलं की वरचं काढ," ते म्हणाले. "पन खेळ संपला की परत घालायचं. तसंच टाकून उठायचं नाय."

मी कबूल झाले आणि ते पाळलं. खेळ झाला की आधी घरं पूर्ववत करायची, मग चहा. हळूहळू जवळजवळ प्रत्येक घराच्या आत त्यांनी एकेक पडकं घर बसवलं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माझं लग्न मोडलं त्याची हकिगत मोठी नाही. नवऱ्याला गुजरातेत चांगली नोकरी लागली. तो शनिवार-रविवार यायचा, मग एक आड एक आठवडा, मग सणासुदीला. एका शनिवारी तो आला आणि स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभं राहून म्हणाला, तिकडे कुणीतरी आहे, आणि ते आता थांबवता येणार नाही. बोलताना तो रडला. मी हातातली भाजी चिरून संपवली. आमच्यात काय उरलं नव्हतं ते मलाही दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ती सुरी अजून माझ्याकडे आहे आणि मी ती वापरत नाही.

बाबांना मीच सांगितलं. ते एका पुठ्ठ्याच्या घराच्या खिडकीला मच्छरदाणीची जाळी चिकटवत होते. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"म्हंजे तू जानार?"

"हो बाबा."

"तू का? तो जाऊ दे. घर माझ्या नावावर हाय. तू रा इथं."

त्यांना तसं खरंच वाटत होतं. मी राहिले असते तर त्यांनी मुलाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, आणि आयुष्यभर कुणाला त्याचं कारणही सांगितलं नसतं. म्हणूनच मला राहता येईना. मुलगा तोडून सुनेला ठेवणारा सासरा मी आसपास कुठे पाहिला नव्हता, आणि तो त्यांना व्हायला लावायची माझी छाती नव्हती. एवढं त्यांना समजावून सांगता आलं नाही. मी नुसती "नको बाबा" म्हणत राहिले आणि ते "का पन?" विचारत राहिले.

शहर त्यांनी स्वतः बांधून दिलं. जुन्या कारखान्यातल्या कुणाकडून तरी सुताच्या मोठ्या पेट्या आणल्या. एकेक छप्पर वर्तमानपत्रात गुंडाळलं. मी म्हटलं, तुमच्याकडेच राहू द्या, माझी खोली लहान आहे. ते म्हणाले, "मी कुनाशी खेळू?"

मी पालघरला, कोळगावच्या रस्त्यावर एक खोली घेतली. पहिल्या महिन्यात माझी आई नाशिकहून येऊन राहिली. मैत्रिणी फोन करायच्या. सगळे नवऱ्याबद्दल बोलायचे आणि मी ऐकून घ्यायचे. मग एका रविवारी दार वाजलं. बाबा होते. एसटीने आले होते, हातात कापडी पिशवी. पिशवीत सुकवलेला जवळा होता आणि रुमालात गुंडाळलेला एक छोटा पूल होता.

"तुझ्या ओढ्यावर पूल नव्हता," ते म्हणाले.

टेबल नव्हतं म्हणून आम्ही फरशीवर शहर मांडलं. त्यांचे गुडघे दुखायचे. भिंतीला टेकून एक पाय लांब करून ते बसायचे आणि त्यांचे शिपाई मीच सरकवायचे. जेवणाला जवळ्याची चटणी आणि भात. जाताना दारात ते म्हणायचे, "दार नीट लाव. कडी पन घाल." मुलाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी ते यायचे. मधल्या काळात कोर्टात घटस्फोटाचं काम आटोपलं आणि कागदावर आमचं नातं संपलं. त्यानंतरच्या रविवारी ते आले तेव्हा मी चहा जास्तच गोड केला. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

मग नवऱ्याने लग्न केलं आणि तो बायकोला घेऊन सरावलीला परत राहायला आला. इकडेच काम मिळालं होतं. त्यानंतरही बाबा एक-दोनदा आले, मग दोन महिने आलेच नाहीत. मला वाटलं, पाहुणे असतील. मग फोन आला.

"पोरी, जरा ऐक."

"बोला ना बाबा."

"आता घरात नवीन मानूस हाय. मी तुझ्याकडं येतो ते तिला ठाव हाय. ती बोलत नाय काय. चांगली हाय. पन त्या दिवशी जेवत नाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिचं पन खरं हाय ना," ते म्हणाले. "बरं दिसत नाय."

"हो बाबा."

"रागावलीस?"

"नाही."

खूप वेळ फोन चालू होता. त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता. तो पंखा हॉलमधला, एका बाजूला जरासा घासणारा. मग ते "ठेवतो" म्हणाले, पण ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

नवरा गेला तेव्हा माझ्या दुःखाला नाव होतं. लोक येऊन बसत होते, जेवण आणून देत होते. या वेळी कुणाला काय सांगू? आईला एकदा फोनवर म्हटलं, मला बाबांची फार आठवण येते. ती म्हणाली, "अगं, मग ये की चार दिवस. त्यांनाही बरं वाटेल." तिला माझे वडील वाटले. मी म्हटलं, "सासऱ्यांची." ती म्हणाली, "आता त्यांचं काय गं?" तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर मी हा विषय कुणाजवळ काढला नाही. रविवारी मी मुद्दाम कपडे धुवायला काढायचे. एकदा पेट्या उघडून शहर मांडायला घेतलं, पण चाळीपर्यंत येऊन थांबले. तेवढंच दोन दिवस फरशीवर राहिलं, मी त्याला वळसा घालून स्वयंपाक करत होते.

अशी दीड-दोन वर्षं गेली. बाबा गेल्या पावसाळ्यात मला दिसले, आमच्याच कार्यालयात. मी जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यातून येत होते. बाकावर बाबा बसले होते, वाळले होते, हातात काठी आली होती. शेजारी एक बाई प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद लावत होती. काही दाखल्याच्या कामाला आले असावेत. मी वळून दुसऱ्या जिन्याने जाऊ शकले असते. पण पाय त्यांच्याकडेच गेले.

"बाबा."

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, तो मी पाहिला. मग त्यांनी शेजारी पाहिलं, काठी सरळ धरली आणि म्हणाले,

"बऱ्या हायत ना तुमी?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही की हे मला आहे. इतकी वर्षं ते मला "तू" म्हणत आले होते. रागावले तरी तू, काही मागायचं झालं तरी तू. हे "तुमी" बँकेतल्या बाईला असतं, डॉक्टरला असतं.

"बरी आहे," मी म्हटलं. "तुम्ही?"

"चाललंय."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिचा चेहरा कठोर झाला नाही. ती गोंधळली, उठली, फोल्डर छातीशी धरला. "मी झेरॉक्स काढून आणते, बाबा," ती म्हणाली आणि गेली. झेरॉक्सचं दुकान गेटबाहेर आहे, जायला-यायला वेळ लागतो. तिने तो वेळ आम्हाला जाणूनबुजून दिला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. इतके दिवस मनात त्यांच्याशी बोलत होते. समोरच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. आम्ही दोघं तो बघत राहिलो. त्यांच्या बोटांवर गोंदाचे डाग नव्हते. नखं स्वच्छ होती.

"सादळत असंल सगळं," ते एकदम म्हणाले, नकाशाकडेच बघत.

"हो बाबा. छपरं फुगलीत. नीट बसत नाहीत."

"ऊन दे त्यांना." मग म्हणाले, "कोवळं. दुपारचं नको, पुठ्ठा वाकतो."

"देते."

पुढे काय बोलायचं ते मी जुळवत होते, तोवर ती परत येताना दिसली. बाबा काठीवर जोर देऊन उठले. मी आधाराला हात पुढे केला, पण तो तिने आधीच धरला होता.

"चला, येतो आमी," ते मला म्हणाले. "तुमी कामात असाल."

ती माझ्याकडे बघून मान हलवून गेली. व्हरांड्याच्या टोकाला पायऱ्या होत्या. ती एकेक पायरी सांगत त्यांना उतरवत होती. मी जागेवर येऊन बसले. टेबलावर एका गावठाणाचा नकाशा अर्धवट होता, तो संध्याकाळपर्यंत पूर्ण केला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "नातेवाईक होते का?" मी म्हटलं, "नाही." घरी येऊन दार लावलं, कडी घातली आणि मग दाराला पाठ लावून खाली बसले. ती रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही.

पाऊस उघडल्यावर एका रविवारी सकाळी मी पेट्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेल्या आणि जुन्या चादरीवर शहर पसरलं. घरं एकीकडे, छपरं एकीकडे, पडकी घरं वेगळी. तळमजल्यावरच्या मावशी वाल वाळत घालायला वर आल्या होत्या. त्या बघतच राहिल्या. "कुनी केलं गं एवढं?" मी त्यांना सगळं सांगितलं नाही, पण करणारा माणूस कोण होता आणि तो कौलं कशी करायचा ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाय का आता तो?" मी म्हटलं, "आहे. बोईसरलाच आहे."

"मग बोलव की त्याला. बघू दे येऊन."

मी नुसती मान हलवली. त्या खाली गेल्या. थोड्या वेळाने एक कावळा कठड्यावर येऊन बसला, मान तिरकी केली आणि मला कळायच्या आत शाळेच्या गच्चीवरची बुचाची टाकी चोचीत धरून उडाला. मी ओरडले, धावले, चप्पल फेकली. तो समोरच्या बिल्डिंगवर गेला, टाकी चोचीत फिरवून पाहिली, खायची नाही म्हणताना टाकून दिली. ती मधल्या गटारात पडली. मला कठड्यावरून दिसत होती, काढता येणार नव्हती.

मी तिथेच उभी राहून रडले. भर उजेडात, मोठ्याने, समोरच्या खिडक्यांतून लोक बघत असताना. रडून झाल्यावर मावशींनी वालाजवळ कावळे हाकायला ठेवलेली काठी घेतली आणि चादरीशेजारी बसले, सुकत घातलेल्या मासळीजवळ बायका बसतात तशी. ऊन चढेपर्यंत बसले. ऊन चढल्यावर घरं आत नेली आणि छपरं घालून पाहिली. काही बसली. काही बसली नाहीत, त्यांच्या आतल्या पट्ट्या सुटल्या होत्या. त्या मी गोंद लावून पुन्हा चिकटवल्या. मला ते काम त्यांच्यासारखं येत नाही.